बारावी नसलेला पदवीधर: एका हवालदाराच्या शिक्षणाचं प्रकरण

त्यांनी माझ्यापुढे ठेवलेल्या फाईलमध्ये सगळ्यात वर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचा गोल शिक्का, खाली अधिकाऱ्याची सही. मजकुराचा सारांश असा, की हा हवालदार दहावी उत्तीर्ण आहे, त्याची सेवा पंधरा वर्षांहून जास्त झाली आहे, सबब त्याला पदवीधराशी समकक्ष मानावं.

"सर, ग्रॅज्युएशन झालेलं आहे माझं," ते म्हणाले. "एलएलबीला ॲडमिशन पाहिजे."

ऑगस्ट 2018 होता. महिन्याभरापूर्वीच ते पेन्शन आले होते, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन घरी आले होते. चोवीस वर्षं नोकरी, वय बेचाळीस.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात बसतो. या जिल्ह्यात फौजी माणूस नवा नाही. अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' लागलं आहे, आणि पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांचं स्मारक तिथे गावातच उभं आहे. शिपाई असो की सुभेदार, गावात सगळ्यांना 'मेजर'च म्हणतात. असे बरेच मेजर माझ्या टेबलाशी येऊन गेले. त्यातले बहुतेक पहिल्या कागदापाशीच अडकले आणि परत आले नाहीत. हे एक प्रकरण मात्र सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर घडत गेलं. त्यांच्या संमतीने ते इथे मांडतो आहे. नाव, गाव आणि पलटण तेवढी गाळली आहे.

माणूस आणि घर

1994 साली अठराव्या वर्षी ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झाले. दहावीला 47 टक्के होते. घरी दीड एकर कोरडवाहू, वडील मुंबईला गिरणीत होते ते संपानंतर परतलेले. अकरावीची फी आणि भरतीची तारीख एकाच महिन्यात आली, तेव्हा घरात फारशी चर्चा झालीच नाही. पुढे काश्मीर, ईशान्य भारत, एकदा सियाचीन, मग राष्ट्रीय रायफल्स. बढतीसाठी लागणाऱ्या फौजेतल्या शिक्षणाच्या परीक्षा ते पहिल्या फटक्यात पास झाले होते. मॅप रीडिंगमध्ये तर कंपनीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अभ्यास जमत नाही म्हणून हा माणूस शिकायचा राहिला नव्हता, हे मला पहिल्या तासाभरात कळलं होतं.

पायदळातला जवान ज्या वयात घरी येतो, ते आपल्याकडे कुणी नीट लक्षात घेत नाही. राज्य सरकारचा कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो. हवालदाराची नोकरी साधारण चोवीस-सव्वीस वर्षांत संपते, नाईकाची त्याहून आधी. म्हणजे मुलं शाळा-कॉलेजात, आई-वडील थकलेले, घराचं काम अर्धं, आणि कर्ता माणूस 'निवृत्त'. हातात ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे आणि पेन्शनचा विकलेला हिस्सा अशी एकरकमी रक्कम येते, आणि त्या रकमेकडे सगळ्या भावकीचे डोळे लागलेले असतात. भाऊ म्हणत होता ट्रॅक्टर घेऊ. मेहुण्याचं म्हणणं जेसीबी काढू.

वहिनींचं, म्हणजे हवालदारांच्या पत्नीचं, म्हणणं वेगळंच होतं. पुढे मी एकदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी ते माझ्यासमोरच सांगितलं. "अहो, चोवीस वर्षं मी वाट बघितली. छत गळतंय, पोरगी बारावीला आहे, आणि हे म्हणतात मी शिकतो. मग मी आता परत किती वर्षं थांबू?" या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि मी ओढूनताणून दिलंही नाही. अशी प्रकरणं लिहिताना माणसाची जिद्द ठळक येते आणि घरातल्या माणसाचं थांबणं कोपऱ्यात जातं. इथे हे थांबणं खर्चाच्या बाजूला लिहायलाच हवं.

तडजोड निघाली ती अशी. आधी स्लॅब टाकायचा. मुलीच्या शिक्षणाचे पैसे बँकेत ठेवीत घालायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. हवालदारांनी नोकरी धरायची आणि शिकायचं ते नोकरी सांभाळून. ट्रॅक्टर नाही, जेसीबी नाही.

वकिलीच का?

फाईलच्या तळाशी आणखी एक गठ्ठा होता, तो दुसऱ्याचा होता. त्यांच्याच भरतीच्या बॅचचा शेजारच्या गावचा एक जवान. उंचावरच्या पोस्टिंगनंतर त्याला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेने ठरवलेला तब्येतीचा दर्जा, घसरली आणि वेळेआधी घरी आला. मेडिकल बोर्डाने शेरा मारला होता की आजाराचा सेवेशी संबंध नाही. त्या एका ओळीने त्याची अपंगत्वाची पेन्शन गेली. एका वकिलाने कागद ठेवून घेतले, फी घेतली आणि तीन वर्षं 'बघतो' म्हणत ठेवलं. शेवटी हवालदारांनी सुट्टीवर आले असताना जाऊन कागद परत आणले.

"सर, त्या वकिलाला कॅटेगरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. रिलीज मेडिकल कधी होतं तेही नव्हतं माहीत. आम्हाला सगळं माहीत असतं, पण बोलायला लायसन नाही."

फौजींच्या सेवेचे आणि पेन्शनचे वाद चालवण्यासाठी 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे, साताऱ्यापासून अडीचशे किलोमीटरवर. तिथे उभा राहील आणि फौजेची भाषाही समजेल असा वकील तालुक्यात मिळत नाही. या माणसाला तो वकील व्हायचं होतं. इतकं नेमकं कारण घेऊन आलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे.

तो कागद आणि माझी चूक

आता प्लास्टिकच्या पाकिटातल्या कागदाबद्दल. 1986 साली केंद्र सरकारने एक सवलत दिली. दहावी उत्तीर्ण किंवा फौजेतलं त्या तोडीचं प्रमाणपत्र असलेल्या आणि किमान पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, गट क च्या ज्या पदांना नुसती पदवी लागते अशा पदांसाठी पात्र धरायचं. तांत्रिक आणि व्यावसायिक पात्रता लागणारी पदं त्यात येत नाहीत. सवलत चांगली आहे. तिच्यामुळे कितीतरी जवान बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत लागले. पण ती नोकरीच्या अर्जापुरती आहे. त्या कागदाने एमएला प्रवेश मिळत नाही, बीएडला मिळत नाही, कायद्याला तर नाहीच. कागदावर हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि तो हातात देणारा माणूसही सांगत नाही. पलटणीत त्याला सरसकट 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' म्हणतात, आणि जवान मनापासून समजतो की आपण पदवीधर आहोत.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. कागद पाकिटात सरळ केला, फाईल बंद केली आणि विचारलं, "मग पहिलं पाऊल कुठलं?"

इथे मी चुकलो. मुक्त विद्यापीठात बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता. तो केला की थेट बीएला बसता यायचं. वय झालेल्या माणसाला बारावीच्या मुलांबरोबर बोर्डाच्या परीक्षेला कशाला पाठवायचं, अशा विचाराने मी तोच रस्ता सुचवला. गृहिणी, दुकानदार, शिक्षण अर्धवट सुटलेली माणसं अशा अनेकांना मी तो सांगितला होता आणि त्यांच्या तो उपयोगीही पडला होता. हवालदारांनी फॉर्म नेला.

तीन आठवड्यांनी कायद्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका स्नेह्यांशी सहज बोलत होतो. ते म्हणाले, "अहो, बार कौन्सिलचा नियम वाचलात का?" बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत, पाचव्या नियमाखाली स्पष्टीकरण आहे: मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेल्या बारावीवर किंवा पदवीवर कायद्याला प्रवेश मिळणार नाही. दूरशिक्षणाने केलेली पदवी चालते. पण तिच्या खाली खरी बारावी असावी लागते. माझ्या सल्ल्याने त्यांनी तीन वर्षं बीए केलं असतं आणि शेवटी प्रवेशाच्या दारात त्यांना परत पाठवलं असतं.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. चूक माझी होती, ती तशीच सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "फॉर्म अजून दिला नाही सर. आता बारावी म्हणजे 17 नंबरच ना?"

आमच्या भागात एक ॲकॅडमी चालवणारा गृहस्थ तोवर त्यांना भेटून गेला होता. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाची मागल्या तारखेची बीए, एका वर्षात, सगळं मिळून इतके हजार. त्याच्याकडे पेन्शन आलेल्यांची यादी होती. ती त्याला कुणी दिली कोण जाणे. पदवीची भूक आणि एकरकमी पैसा एकाच माणसाकडे असतो तिथे असे लोक बरोबर पोचतात. खोट्या पदवीवर वकिलीची सनद घेतलेला माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी हातात राहतो, एवढंच मी म्हणालो. हवालदारांनी त्या गृहस्थाला चहा पाजून परत पाठवलं होतं.

17 नंबरचा फॉर्म

खाजगीरीत्या बारावीला बसायचं तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, फोटो. कागद मोजकेच, पण एका फौजीच्या सगळ्या कागदांवर मिळून तीन नावं निघाली. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी. फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात आडनाव आधी, वडिलांचं नावच नाही. आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. भरतीच्या दिवशी कारकुनाने जे लिहिलं ते चोवीस वर्षं चाललं, कारण फौजेत माणूस आर्मी नंबरावर ओळखला जातो. बाहेर आल्यावर तो नंबर कुणी विचारत नाही. प्रतिज्ञापत्र, शाळेत दोन खेपा, आणि विलंब शुल्क भरून एकदाचा फॉर्म गेला.

सेवेत असलेल्या जवानांनी हा परिच्छेद तरी मनावर घ्यावा. नावाची दुरुस्ती सेवेत असताना युनिटच्या कारकुनाकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीत बदल करणारा हुकूम, काढून होते. पेन्शन आल्यावर त्याच कामाला महिने लागतात.

अभ्यास सुरू झाला तेव्हा एक अडचण निघाली, जिची मी कधी कल्पनाही केली नव्हती. त्यांचं मराठी लिखाण गंजलं होतं. चोवीस वर्षं अर्ज हिंदीत, हुकूम हिंदीत, लेक्चर हिंदीत. सरावाचा पहिला निबंध सत्यशोधक समाजावर लिहून आणला. अक्षर टपोरं, ओळी सरळ, पण पानभर 'ळ' नावाचं अक्षरच नाही. 'चळवळ' झाली होती 'चलवल'. 'त्या काळात शाळा नव्हत्या' हे वाक्य 'त्या कालात शाला नव्हत्या' असं उतरलं होतं. बोलताना सातारी 'ळ' चोख यायचा, पण हात लिहायला लागला की हिंदीच्या वळणावर जायचा.

यावर उपाय त्यांच्या मुलीने काढला. ती विज्ञान शाखेची, त्याच वर्षी बारावीला. एकाच टेबलावर एका बाजूला तिचं भौतिकशास्त्र, दुसऱ्या बाजूला वडिलांचं राज्यशास्त्र. रात्री ती वडिलांची वही ओढून घ्यायची आणि चुकलेल्या प्रत्येक 'ल'भोवती लाल गोल करायची. पानाखाली आकडा टाकायची. मी ती वही पाहिली आहे. पहिल्या पानाखाली 31, दिवाळीच्या सुमाराला 12, जानेवारीत 2. एका पानावर शून्य आहे आणि शून्याला तिने दोन डोळे काढले आहेत.

फेब्रुवारी 2019 मध्ये बाप-लेक दोघेही बारावीला बसले, वेगवेगळ्या केंद्रांवर. त्यांच्या वर्गातल्या पर्यवेक्षकांनी पहिल्या दिवशी त्यांना पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं. मे अखेर निकाल लागला. मुलीला 81 टक्के, वडिलांना 58.

शिक्षण कुणाचं?

या ठिकाणी मला जे खुपलं ते मोकळेपणाने लिहितो.

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला संरक्षण दलातल्यांच्या पाल्यांसाठीच्या राखीव जागा होत्या. पंतप्रधान शिष्यवृत्ती होती. मुलींना महिना 3,000 रुपये आणि मुलांना 2,500 हा दर त्याच 2019 मध्ये वाढवला गेला. केंद्रीय सैनिक बोर्डाकडे हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन पाल्यांसाठी शिक्षणाचं अनुदान आहे. सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत. जवानाच्या विधवेसाठीही मदत आहे. हे सगळं हवंच आहे, आणि यातल्या प्रत्येक योजनेसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसांनी त्यांना धावून मदत केली.

पण वडिलांनी स्वतःसाठी विचारलं, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने पुस्तिका दोनदा चाळली आणि म्हणाला, "तुमच्यासाठी कोर्स असतो ना, पुनर्वसनाचा. तो झाला ना?" झाला होता. फौज सोडण्याआधी पुनर्वसन महासंचालनालयाचा कोर्स मिळतो आणि जवानाला त्याचा खर्च पडत नाही. यांचा होता सुरक्षा पर्यवेक्षकाचा. अधिकाऱ्यांसाठी त्याच महासंचालनालयाचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आयआयएममध्ये होतात. जवान परत बंदूक किंवा रजिस्टर घेऊन गेटवरच उभा राहणार, असं कुणीतरी आधीच धरून चाललं आहे. गेटवरचं काम मानाचंच आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी माणसापुढे वीस वर्षांचं कामाचं आयुष्य असतं, आणि त्याच्या शिक्षणाची जागा योजनेत रिकामी आहे.

अमेरिकेत दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, 22 जून 1944 रोजी, रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, आणि 1947 साली तिथल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत निम्मे माजी सैनिक होते. आपला खजिना वेगळा, आपली फौज वेगळी, हे मान्य. तरी त्या कायद्यात लाभार्थी म्हणून सैनिक स्वतः होता, एवढं मनात राहतं. आणि ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका ही रीत घालून दिली, तिथे कमवून परत आलेल्या माणसाला शिकायला हात का मिळू नये?

बीए, गेटची केबिन आणि 'तुमचं मत'

2019 ते 2022 बीए झालं, मुक्त विद्यापीठातून, आमच्याच केंद्रावर. नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर, बहुतेक रात्रपाळी. टाळेबंदीत कारखाना थांबला तरी गेट थांबत नाही. ते सगळे दिवस त्यांनी केबिनमध्ये राज्यशास्त्र वाचत काढले. परीक्षा घरून मोबाईलवर, पर्यायी उत्तरांच्या झाल्या. गुण चांगले पडले, पण लिहायचा सराव मोडला, आणि त्याची किंमत त्यांनी पुढे कायद्याच्या पहिल्या वर्षी दोन विषय राहून मोजली.

या तीन वर्षांतली एकच गोष्ट सांगतो. पहिल्या स्वाध्यायात प्रश्न होता: पंचायतराजमधील महिलांच्या सहभागाबद्दल तुमचे मत लिहा. त्यांचं उत्तर माझ्याजवळ बराच काळ होतं. वर 'विषय', मग 1, 2, 3 असे क्रमांक घातलेले परिच्छेद. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा. सगळं बिनचूक. शेवटी 'वरीलप्रमाणे अहवाल सादर' आणि सही. मत कुठेच नव्हतं.

मी विचारलं. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे खालच्यानं माहिती द्यायची. मत वरचे देतात."

"इथे वर कुणी नाही," मी म्हणालो. "तुमच्या ओळखीच्या एका तरी बाईला विचारून या."

मला तेव्हा माहीत नव्हतं, की वहिनी स्वतः पाच वर्षं ग्रामपंचायतीत राखीव जागेवर सदस्य होत्या. ते काश्मीरमध्ये असताना. सुट्टीवर आले की त्यांना कळायचं, मीटिंग आहे, चहा करायला उशीर होईल. त्यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात विचारलं. पाण्याच्या टाकीची जागा बदलायचा ठराव वहिनींनी कसा मांडला, सरपंचाच्या नवऱ्याने सह्यांचं रजिस्टर कसं घरी नेलं, आणि दुसऱ्या मीटिंगला सात बायका एकदम येऊन कशा बसल्या, हे सगळं दुसऱ्या उत्तरात आलं. पाच पानं. क्रमांक नव्हते. शेवटचं वाक्य असं: 'माझ्या मते, आरक्षणाने खुर्ची मिळते, रजिस्टर मात्र ओढून घ्यावे लागते.'

ते उत्तर त्यांनी आधी घरी वाचून दाखवलं होतं. वहिनींचा विरोध त्या दिवशी संपला असं मी म्हणणार नाही. पैशांची ओढाताण होती ती होतीच. पण पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सर, वकिलीला हजेरी किती लागते?"

वर्गात काका, मग मेजर

हजेरी 70 टक्के लागते. कायद्याची पदवी घरबसल्या होत नाही. गेटची नोकरी सोडावी लागली, म्हणजे तीन वर्षं घर पेन्शनवर. वहिनींनी शिवणाची दोन मशीनं घेतली. प्रवेशासाठी राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि वयाची अट आड येत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना जिल्ह्याच्या गावी जागा मिळाली. पहाटेची एसटी, सकाळचा वर्ग.

पहिल्या दिवशी सव्वीस-सत्तावीस वर्षांची प्राध्यापिका वर्गात आल्याबरोबर ते ताडकन उभे राहिले. मागे मुलं हसली. बाईंनी बसायला सांगितलं, तसे ते बसले. दुसऱ्या दिवशी परत उभे. महिन्याभराने पहिल्या बाकावरची चार मुलंही उभी राहायला लागली, असं त्या बाईंनीच मला सांगितलं. मुलं आधी त्यांना 'काका' म्हणत. साक्षीपुराव्याच्या कायद्याच्या नोट्स त्यांच्याकडे सगळ्यात नीट असतात हे कळल्यावर 'मेजर' झाले.

अवघड गेलं ते वेगळंच. तिसऱ्या वर्षी अभिरूप न्यायालय असतं. त्यांनी मला आवर्जून बोलावलं. त्यांना मिळालेलं प्रकरण जवानाच्या अपंगत्व पेन्शनचं होतं, बाजू जवानाची. म्हणजे उभं राहून म्हणायचं होतं, की मेडिकल बोर्डाने चूक केली. तयारी पक्की होती. काळा कोट, दोन्ही हात शिवणीला लावलेले. "माय लॉर्ड, मेडिकल बोर्डाने..." आणि ते थांबले. दहा-पंधरा सेकंद. मुलांना वाटलं विसरले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. काहीही विसरलेलं नव्हतं. ब्रिगेडिअर, कर्नल यांच्या सह्या असलेल्या कागदाला चूक म्हणायचं होतं, आणि चोवीस वर्षांत ते वाक्य तोंडातून कधी निघालं नव्हतं.

मग त्यांनी फाईलमधून दुसराच कागद काढला. "आधी माझ्या अशिलाचा भरतीच्या दिवसाचा मेडिकल फॉर्म वाचतो. आजाराच्या रकान्यात लिहिलंय..." कागद न्यायाधीश झालेल्या प्राध्यापकांकडे वळवला. "काही नाही. कोरं आहे." तिथून ते 2013 च्या धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालावर आले. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. दोन पानं युक्तिवाद झाल्यावर, आवाज न चढवता, ते वाक्य आलं: "म्हणून बोर्डाचा निष्कर्ष चुकीचा आहे." बसताना त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

आज

2025 मध्ये पदवी मिळाली, मग सनद. नोंदणीचं शुल्क 750 रुपये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये बार कौन्सिलांना त्याहून जास्त घ्यायला मनाई केल्यामुळे ते तेवढ्यात झालं, नाहीतर आणखी एक मोठा खर्च होता. सध्या तालुक्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसतात. उत्पन्न अजून नावापुरतंच आहे. मित्राचा तो गठ्ठा एका जाणकार वकिलांच्या मदतीने मुंबईच्या न्यायाधिकरणात दाखल झाला आहे, तारखा पडताहेत. मुलगी पुण्यात नोकरीला लागली. वहिनींच्या मशीनवर आता गावातल्या आणखी दोघी येतात.

माझ्या मते या प्रकरणात वाया गेलेला काळ सेवेच्या आतला आहे. प्रत्येक पलटणीत शिक्षणाचं काम बघणारा हवालदार असतो, पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरचं मोठं केंद्र आहे. दहा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला एकदा समोर बसवून 'बारावी करून टाक, नाव दुरुस्त करून घे' एवढं सांगायला वेगळा निधी लागत नाही. अग्निवीरांच्या, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानांच्या, बाबतीत हे सुचलं आहे. जून 2022 मध्ये योजना जाहीर झाली, त्याच महिन्यात दहावी पास अग्निवीरांच्या बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची आणि पदवीसाठी इग्नूची व्यवस्था जाहीर झाली. इग्नूच्या पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरायचे आहेत. चार वर्षांनी चारांतले तीन घरी येणार आहेत, आणि पहिली तुकडी यायची वेळ आता जवळ आली आहे. ती पोरं तेवीस-चोवीस वर्षांची असतील.

हवालदार हल्ली रविवारी माझ्या टेबलाच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात. मी सांगितलेलं नाही, ते स्वतःच येतात. गेल्या रविवारी सुट्टीवर आलेला एक पोरगा वडिलांबरोबर आला होता. पाठीवर सॅक, केस बारीक, उभा राहण्याची पद्धत बघूनच कळत होतं. त्याने फाईल पुढे केली. हवालदारांनी ती उघडली नाही.

"आधी सांग, बारावी कुठल्या बोर्डाची? आणि डिस्चार्ज बुकात नाव कसं लागेल, ते इथं मराठीत लिहून दाखव."

पोराने पेन घेतलं आणि लिहायला लागला.